नेट चालू आहे, मग वेबसाइट का उघडत नाही?

"कालपर्यंत ही वेबसाइट उघडत होती, आज उघडत नाही. नेट तर चालू आहे. संगणक बिघडला का?"

जुना लॅपटॉप किंवा जुना फोन वापरणाऱ्या जवळपास प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी पडतो. गोंधळ वाढतो तो यामुळे, की सगळ्या वेबसाइट बंद झालेल्या नसतात. एक उघडते, दुसरी उघडत नाही. बँकेची अडते, बातम्यांची चालते. मग दुकानदार म्हणतो, "साहेब, मशीन जुनं झालंय, नवीन घ्या." काही वेळा तो सल्ला बरोबर असतो. पण बऱ्याच वेळा पंधरा मिनिटांत, एक पैसाही खर्च न करता अडचण सुटू शकते. कुठे बघायचं हे मात्र माहीत हवं.

जुन्या संगणकात चार गोष्टी मागे पडू शकतात: घड्याळ, विश्वासाची यादी, सुरक्षित बोलणी करण्याची रीत आणि पान मांडण्याची ताकद. या प्रकरणात आपण त्या एकेक करून, सोप्याकडून अवघडाकडे, तपासणार आहोत.

१. आधी ठरवा, दोष कुणाचा?

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी तीन साध्या चाचण्या करा.

पहिली चाचणी: तीच वेबसाइट, त्याच वाय-फायवर, घरातल्या एखाद्या नव्या फोनवर उघडून बघा. तिथेही उघडली नाही, तर तुमच्या संगणकाला बोल लावू नका. वेबसाइट बंद असेल किंवा नेट अडलं असेल. फोनचं वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर पुन्हा बघितलं की या दोहोंपैकी काय, तेही कळतं.

दुसरी चाचणी: नव्या फोनवर उघडली आणि संगणकावर नाही, तर संगणकावरच दुसरा ब्राउझर वापरून बघा. क्रोममध्ये अडली तर फायरफॉक्स, इंटरनेट एक्सप्लोररमध्ये अडली तर क्रोम. ब्राउझर म्हणजे वेबसाइट दाखवणारा प्रोग्राम आणि ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे विंडोज, अँड्रॉइड किंवा मॅकओएससारखी, सगळं यंत्र चालवणारी मूळ प्रणाली. दुसऱ्या ब्राउझरमध्ये वेबसाइट उघडली तर दोष पहिल्या ब्राउझरपुरता किंवा तो ज्या यादीवर विसंबतो तिच्यापुरता आहे.

तिसरी चाचणी सगळ्यांत महत्त्वाची आणि सगळ्यांत दुर्लक्षित: पडद्यावर आलेला संदेश वाचा. तो इंग्रजीत असतो, लांबलचक असतो, म्हणून आपण घाईने बंद करतो. पण रोगाचं नाव बहुतेक वेळा त्यातच लिहिलेलं असतं. त्यात 'डेट' किंवा 'क्लॉक' हे शब्द असतील तर घड्याळाकडे वळा. 'ऑथॉरिटी इनव्हॅलिड' किंवा 'अननोन इश्युअर' असेल तर विश्वासाच्या यादीकडे. 'व्हर्जन ऑर सायफर मिसमॅच' असेल तर बोलणीच्या रीतीकडे. आणि संदेश काहीच नसेल, फक्त कोरं पान असेल, तर ब्राउझरच्या वयाकडे. संदेशाचा फोटो काढून ठेवा. कुणाला विचारायची वेळ आली तर तोच उपयोगी पडतो.

२. पूर्वी चालत होतं, आताच काय झालं?

वेबसाइट उघडण्याचे दोन मार्ग आहेत. एचटीटीपी हा उघडा मार्ग. यावरून जाणारी माहिती वाटेतलं कुणीही वाचू शकतं. एचटीटीपीएस हा बंदिस्त मार्ग. यात माहिती कुलूपबंद होऊन जाते आणि समोरची वेबसाइट खरी आहे का, याचीही तपासणी होते.

पंधरा वर्षांपूर्वी बंदिस्त मार्ग मुख्यतः बँका आणि खरेदीच्या वेबसाइट वापरत. त्यासाठी लागणारं प्रमाणपत्र विकत घ्यावं लागे. डिसेंबर २०१५ मध्ये लेट्स एन्क्रिप्ट ही ना-नफा सेवा सगळ्यांसाठी खुली झाली आणि प्रमाणपत्रं फुकट मिळू लागली. जुलै २०१८ मध्ये गुगलच्या क्रोम ब्राउझरने उघड्या मार्गाच्या प्रत्येक वेबसाइटवर 'असुरक्षित' असा शेरा मारायला सुरुवात केली. पाहता पाहता ग्रामपंचायतीपासून वर्तमानपत्रापर्यंत सगळे बंदिस्त मार्गावर आले.

वापरणाऱ्यांच्या दृष्टीने ही फार चांगली गोष्ट झाली. पण तिचा एक परिणाम जुन्या यंत्रांना भोगावा लागला. उघड्या मार्गावर संगणक कितीही जुना असला तरी चालायचं. बंदिस्त मार्गावर मात्र दोन्ही बाजूंना नवी रीत माहीत असावी लागते. वेबसाइटची बाजू दर काही वर्षांनी बदलत गेली आणि जुना संगणक होता तिथेच राहिला.

३. पहिली तपासणी: घड्याळ

प्रत्येक वेबसाइटच्या प्रमाणपत्रावर दोन तारखा असतात: कधीपासून वैध आणि कधीपर्यंत वैध. त्या तपासायला तुमचा संगणक स्वतःचं घड्याळ वापरतो. घड्याळच चुकलं तर चांगलं प्रमाणपत्रही त्याला खोटं वाटतं.

समजा, एका वेबसाइटचं प्रमाणपत्र १० मार्च २०२५ ते ८ जून २०२५ असं नव्वद दिवसांचं आहे. आज १ मे २०२५ आहे. पण तुमचा संगणक समजतो आहे, की आज १ जानेवारी २००९ आहे. त्याच्या हिशेबाने हे प्रमाणपत्र अजून सुरूच व्हायचं आहे. तो वेबसाइट अडवतो. आणि फक्त हीच नाही, बंदिस्त मार्गावरच्या जवळपास सगळ्याच अडवतो. सगळ्या वेबसाइट एकदम बंद पडल्या असतील तर पहिला संशय घड्याळावरच घ्यावा.

घड्याळ मागे का जातं? संगणक बंद असतानाही वेळ चालू ठेवण्यासाठी मदरबोर्डवर नाण्याएवढी एक बॅटरी असते. बहुतेक डेस्कटॉपमध्ये ती सीआर २०३२ या क्रमांकाची असते. काही वर्षांनी ती संपते. मग प्लग काढला, वीज गेली, की संगणक आपल्या जन्माच्या आसपासच्या तारखेला जाऊन बसतो. ही बॅटरी घड्याळांच्या दुकानातही मिळते आणि स्वस्त असते. लॅपटॉपमध्ये ती बऱ्याचदा वायरने जोडलेली असते, तिथे कारागिराची मदत घ्यावी.

तारीख दुरुस्त करताना वर्षही बघा. दिवस-महिना बरोबर आणि वर्ष चुकीचं, असं पुष्कळदा होतं. त्याबरोबर टाइम झोनही तपासा. विंडोज नव्याने टाकल्यावर तो अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा राहून जातो. काटे आपल्या वेळेवर फिरवले तरी संगणकाच्या आतला हिशेब बारा-तेरा तासांनी चुकतो. यादीतून 'चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली' हा पर्याय निवडा आणि वेळ इंटरनेटवरून आपोआप घ्यायची सोय चालू करा.

४. दुसरी तपासणी: विश्वासाची यादी

घड्याळ बरोबर आहे, तरी ब्राउझर म्हणतो, 'ऑथॉरिटी इनव्हॅलिड'. म्हणजे प्रमाणपत्र देणाऱ्याला मी ओळखत नाही. हे नीट समजण्यासाठी आपल्याकडे सोयरीक कशी जुळते ते आठवा.

परगावचं स्थळ येतं. त्या घराला आपण ओळखत नाही. पण ते ज्यांचं नाव सांगतात, त्यांना आपल्या नात्यातले कुणी ओळखतात आणि त्या नातेवाइकांवर आपला पूर्ण विश्वास असतो. असा विश्वास एका माणसाकडून दुसऱ्याकडे येतो. साखळीच्या शेवटी आपल्या घराला आधीपासून माहीत असलेला एक जाणता माणूस असला, म्हणजे झालं. तोच नसेल तर स्थळ कितीही चांगलं असो, बोलणी पुढे सरकत नाहीत.

ब्राउझर असंच वागतो. वेबसाइट आपलं प्रमाणपत्र दाखवते. ते दिलेलं असतं एका मधल्या संस्थेने. त्या संस्थेची खात्री दिलेली असते एका मूळ संस्थेने. या मूळ संस्थेच्या प्रमाणपत्राला रूट सर्टिफिकेट म्हणतात. भरवशाच्या रूट सर्टिफिकेटांची एक यादी संगणकात आधीपासून भरलेली असते. साखळी या यादीतल्या नावापर्यंत पोचली तर वेबसाइट उघडते, नाहीतर अडते.

अडचण अशी, की जाणत्या माणसांचीही मुदत संपते आणि नवी माणसं येतात. ज्या घरात नव्यांची नावं पोचलीच नाहीत, तिथे चांगली स्थळंही परत जातात. ३० मे २०२० रोजी 'अॅडट्रस्ट एक्स्टर्नल' या रूट सर्टिफिकेटची मुदत संपली आणि जगभर अनेक जुन्या प्रणाली अडल्या. त्याहून मोठी घटना ३० सप्टेंबर २०२१ ची. लेट्स एन्क्रिप्ट सुरू झाली तेव्हा नवी होती, कुणाच्या यादीत नव्हती. म्हणून तिने 'डीएसटी रूट सीए एक्स ३' या जुन्या, सगळीकडे ओळखीच्या रूटकडून आपली खात्री देणारी चिठ्ठी घेतली होती. दरम्यान तिचं स्वतःचं 'आयएसआरजी रूट एक्स १' हे सर्टिफिकेट नव्या यंत्रांच्या याद्यांत जात होतं. ठरल्या दिवशी जुन्या रूटची मुदत संपली. ज्या यंत्रांत नवं नाव आलेलं नव्हतं, त्यांच्यासाठी लाखो वेबसाइट एका दिवसात अनोळखी झाल्या.

मॅकओएस १०.१२.१ च्या आधीच्या मॅकवर, म्हणजे एल कॅपिटनवर आणि त्याहून जुन्यांवर, हे जाणवलं. आयओएस १० च्या आधीच्या आयफोनवरही जाणवलं. अँड्रॉइडमध्ये ७.१.१ च्या आधीच्या फोनांत नवं नाव नव्हतं. पण अँड्रॉइड रूटच्या मुदतीची तारीख तपासत नाही, म्हणून एका खास जोडणीने ते फोन आणखी तीन वर्षं चालवले गेले. ती सवलतही ३० सप्टेंबर २०२४ ला संपली. २०२४ च्या त्या सुमारास तुमच्या जुन्या फोनवर अचानक बऱ्याच वेबसाइट बंद झाल्या असतील, तर हेच कारण असण्याची शक्यता मोठी आहे.

उपाय दोन आहेत. पहिला आणि सोपा: फायरफॉक्स वापरून बघा. फायरफॉक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या यादीवर विसंबत नाही, स्वतःची यादी सोबत आणतो. म्हणूनच एकाच संगणकावर जुन्या क्रोममध्ये अडलेली वेबसाइट फायरफॉक्समध्ये उघडू शकते.

दुसरा उपाय: गहाळ असलेलं रूट सर्टिफिकेट स्वतः यादीत घालायचं. ते फक्त लेट्स एन्क्रिप्टच्या अधिकृत वेबसाइटवरून घ्यावं. जुन्या यंत्रावर ती उघडत नसेल तर नव्या संगणकावर उतरवून पेन ड्राइव्हने आणावं. मॅकवर ते 'कीचेन अॅक्सेस'मध्ये घालून 'ऑलवेज ट्रस्ट' निवडावं लागतं. अँड्रॉइडवर सेटिंगमधल्या सुरक्षा विभागातून ते बसवता येतं, पण त्यासाठी फोनला स्क्रीन लॉक लावावं लागतं. विंडोज ७ मध्ये ही यादी विंडोज अपडेटमार्फत आपोआप भरली जाते. मात्र अनेक ऑफिसांत, 'अपडेटने संगणक मंद होतो' म्हणून ती सोयच बंद केलेली असते. ती चालू करणं हाच तिथला उपाय.

कुणीही पाठवलेलं सर्टिफिकेट या यादीत घालू नका, हे मी आग्रहाने सांगतो. ही यादी किती नाजूक आहे, त्याचं उदाहरण आपल्याच देशातलं आहे. जुलै २०१४ मध्ये गुगलच्या लक्षात आलं, की भारतातल्या नॅशनल इन्फॉर्मेटिक्स सेंटरच्या, म्हणजे एनआयसीच्या प्रमाणपत्र यंत्रणेतून गुगलच्या काही पत्त्यांसाठी अनधिकृत प्रमाणपत्रं निघाली आहेत. भारताच्या मूळ यंत्रणेचं नाव मायक्रोसॉफ्टच्या यादीत होतं, त्यामुळे विंडोज ती खरी मानू शकत होतं. फायरफॉक्सच्या यादीत ते नव्हतं, त्यामुळे फायरफॉक्सला धोका नव्हता. दुसऱ्याच दिवशी ती मधली प्रमाणपत्रं रद्द झाली आणि पुढे याद्याही दुरुस्त झाल्या. पण ज्या यंत्रांवर अपडेट पोचत नाहीत, तिथे अशी दुरुस्तीही पोचत नाही. जुन्या यादीत नवी नावं नसतात आणि काढून टाकायला हवीत ती जुनी नावंही राहून जातात.

५. तिसरी तपासणी: बोलणीची रीत

ओळख पटली, आता माहिती कुलूपबंद कशी करायची हे दोन्ही बाजूंनी ठरवायचं असतं. ते ठरवण्याच्या नियमांना टीएलएस म्हणतात. त्याच्या आवृत्त्या अशा आल्या: एसएसएल ३.० हे १९९६ मध्ये, टीएलएस १.० हे १९९९ मध्ये, १.१ हे २००६ मध्ये, १.२ हे २००८ मध्ये आणि १.३ हे २०१८ मध्ये.

सुरुवातीला ब्राउझर सांगतो, 'मला या या आवृत्त्या येतात.' वेबसाइट त्यातली तिला चालणारी एक निवडते. दोघांना येणारी एकही आवृत्ती नसेल तर बोलणी तिथेच थांबतात. 'व्हर्जन ऑर सायफर मिसमॅच' हा संदेश नेमका याचा असतो.

वेबसाइट जुन्या आवृत्त्या का सोडतात? त्यांत छिद्रं सापडली म्हणून. २०१४ मध्ये 'पूडल' नावाचा हल्ला उघड झाला आणि एसएसएल ३.० संपलं. कार्डाने पैसे घेणाऱ्या वेबसाइटना तर ३० जून २०१८ पर्यंत टीएलएस १.० सोडण्याची मुदत घालून दिलेली होती. पैशांच्या वेबसाइट जुन्या संगणकावर सगळ्यांत आधी का बंद पडल्या, त्याचं उत्तर इथे आहे. २०२० मध्ये क्रोम, फायरफॉक्स, एज आणि सफारी या सगळ्यांनीच १.० आणि १.१ बंद केलं. आता किमान १.२ हवं.

तुमच्या यंत्राला १.२ येतं का? विंडोज एक्सपी आणि व्हिस्टाला मुळात येत नाही. विंडोज ७ ला येतं, पण इंटरनेट एक्सप्लोरर ८, ९ आणि १० मध्ये ते बंद ठेवलेलं असतं. ११ मध्ये चालू असतं. इंटरनेट ऑप्शन्समध्ये जा, अॅडव्हान्स्ड हा भाग उघडा, यादीच्या शेवटी 'यूज टीएलएस १.२' समोर खूण करा. मॅकवर १०.९ पासून सफारीला येतं. अँड्रॉइडमध्ये ५.० पासून ते सुरुवातीपासून चालू असतं.

एक्सपीवरच्या इंटरनेट एक्सप्लोररची आणखी एक अडचण आहे. आज एकाच सर्व्हरवर अनेक वेबसाइट नांदतात. त्यामुळे 'मला यातली अमुक हवी' हे ब्राउझरने बोलणीच्या सुरुवातीलाच सांगावं लागतं. या सोयीला एसएनआय म्हणतात. एक्सपीवरच्या इंटरनेट एक्सप्लोररला ते सांगता येत नाही. मग सर्व्हर भलत्याच वेबसाइटचं प्रमाणपत्र पुढे करतो आणि ब्राउझर नाव जुळत नसल्याची तक्रार करतो.

इथेही दुसरा ब्राउझर उपयोगी पडतो, कारण क्रोम आणि फायरफॉक्स टीएलएसचे नियम स्वतःबरोबर आणतात, विंडोजकडून उसने घेत नाहीत.

६. चौथी तपासणी: पान उघडतं, पण कोरं

कधी कधी संदेश काहीच येत नाही. वरच्या पट्टीत कुलूपही दिसतं. पण पान पांढरं राहतं किंवा बटण दाबलं तरी काही होत नाही.

आजची वेबसाइट म्हणजे फक्त मजकूर आणि चित्रं राहिलेली नाहीत. तिच्याबरोबर जावास्क्रिप्ट या भाषेत लिहिलेला एक प्रोग्राम येतो आणि पान तो तुमच्या ब्राउझरमध्ये उभं करतो. ही भाषा २०१५ मध्ये मोठ्या प्रमाणावर वाढली आणि त्यानंतर दरवर्षी तिच्यात भर पडते. जुन्या ब्राउझरला त्यातलं एक चिन्ह जरी कळलं नाही, तरी तो सगळा प्रोग्राम टाकून देतो आणि पान कोरं राहतं.

याला सेटिंग बदलून उपाय नाही. नवा ब्राउझर लागतो आणि तुमच्या ऑपरेटिंग सिस्टिमला कोणता चालतो, ते मर्यादित असतं. एक्सपी आणि व्हिस्टासाठी क्रोमची शेवटची आवृत्ती ४९, फायरफॉक्सची ५२. विंडोज ७ आणि ८.१ साठी क्रोमची शेवटची १०९, ती जानेवारी २०२३ ची. फायरफॉक्सची ११५ ही दीर्घ मुदतीची आवृत्ती विंडोज ७ वर चालते आणि फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने तिची मुदत अनेकदा वाढवली आहे. एल कॅपिटनसाठी फायरफॉक्स ७८ ही शेवटची.

७. तीन उदाहरणं

पहिलं: विंडोज ७ चा लॅपटॉप, वीजबिल भरायची वेबसाइट उघडत नाही. घड्याळ बघितलं, बरोबर आहे. ब्राउझर इंटरनेट एक्सप्लोरर ९ आहे. टीएलएस १.२ वर खूण केली. वेबसाइट उघडली, पण अर्धवट दिसते. म्हणजे बोलणीची अडचण सुटली, पानाची राहिली. फायरफॉक्स ११५ टाकला, काम झालं. विंडोज ७ नव्याने टाकलं असेल आणि अपडेट घेतच नसेल, तर सर्व्हिस पॅक १ आणि केबी ४४७४४१९ हे अपडेट आधी हाताने घालावं लागतं. २०१९ पासून मायक्रोसॉफ्टने अपडेटवरची सही नव्या पद्धतीने करायला सुरुवात केली आणि हे अपडेट घातल्याशिवाय जुन्या विंडोज ७ ला ती सही वाचता येत नाही.

दुसरं: अँड्रॉइड ६ चा फोन. काही वेबसाइट चालतात, काहींवर 'ऑथॉरिटी इनव्हॅलिड'. तारीख बरोबर. हा विश्वासाच्या यादीचा दोष. प्ले स्टोअरमधून त्या फोनला चालणारा फायरफॉक्स घेतला की बहुतेक वेबसाइट उघडतात. अॅप मात्र ऑपरेटिंग सिस्टिमच्या यादीवर चालतात, त्यांना या ब्राउझरचा उपयोग होत नाही.

तिसरं: विंडोज एक्सपीचा डेस्कटॉप. इथे घड्याळ सुधारून आणि फायरफॉक्स ५२ टाकून काही वेबसाइट उघडतील, पण नव्या जावास्क्रिप्टपुढे तो हात टेकेल. एक्सपीला मायक्रोसॉफ्टचा आधार ८ एप्रिल २०१४ ला संपला. हा संगणक इंटरनेटपासून दूर ठेवून जुनं हिशेबाचं सॉफ्टवेअर किंवा छपाई यासाठीच वापरावा.

८. 'तरीही पुढे जा' हे बटण

इशाऱ्याच्या पानावर एका कोपऱ्यात पुढे जाण्याचा पर्याय असतो. रोज एखादी वेबसाइट अडली की तो दाबायची सवय लागते. जुन्या संगणकाचा सगळ्यांत मोठा धोका या सवयीत आहे.

कारण घड्याळ चुकल्यावर जो इशारा येतो, जवळजवळ तसाच इशारा खरोखर कुणी मध्ये बसून तुमची माहिती चोरत असेल तेव्हाही येतो. २०११ मध्ये नेदरलँड्समधल्या डिजिनोटार या प्रमाणपत्र संस्थेत घुसखोरी झाली, गुगलच्या नावाचं खोटं प्रमाणपत्र बनवलं गेलं आणि इराणमधल्या लोकांविरुद्ध वापरलं गेलं. त्यानंतर सगळ्या ब्राउझरनी डिजिनोटारला यादीतून काढलं आणि ती संस्था दिवाळखोरीत गेली. ज्यांचं यंत्र अपडेट होतं, त्यांना त्यानंतर इशारा दिसला. इशारा डावलायची सवय असलेल्या माणसाचं यादीने काय रक्षण करावं?

म्हणून जिथे पासवर्ड, ओटीपी, आधार किंवा पैसे यांतलं काहीही भरायचं आहे, तिथे हे बटण कधीही दाबू नका. काही वेबसाइटवर ते बटण नसतंच, कारण त्यांनीच ब्राउझरला तशी सूचना दिलेली असते. तिथे पळवाट शोधू नका. 'तुमचा ब्राउझर जुना आहे, इथे दाबा' अशा जाहिरातींवरूनही काही उतरवू नका.

९. यंत्र टाकायचं की प्रणाली बदलायची?

वरचे उपाय वेळ काढून देतात. ऑपरेटिंग सिस्टिमचा आधार संपला की तिच्यातली नवी छिद्रं बुजवली जात नाहीत आणि ब्राउझर नवा टाकला तरी ही उणीव भरून निघत नाही. विंडोज ७ चा सर्वसाधारण आधार १४ जानेवारी २०२० ला संपला, विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. विंडोज १० वर आज सगळं सुरळीत चालतं आहे, पण या प्रकरणातल्या अडचणी पुढच्या काही वर्षांत तिथेही एकेक करून येतील.

तरी यंत्र भंगारात काढायची घाई नको. प्रोसेसर, पडदा, कळफलक ठणठणीत असतात; जुनी झालेली असते ती आतली प्रणाली. लिनक्स मिंटसारखी फुकट प्रणाली २ जीबी रॅमवर चालते, ४ जीबीवर नीट चालते, २० जीबी जागा घेते. प्रोसेसर ६४ बिटचा हवा. ती पेन ड्राइव्हवरून, डिस्कला हात न लावता चालवून बघता येते. ताजा फायरफॉक्स तिच्यात असतो आणि मराठी टंकलेखनाची सोयही होते. टॅली किंवा डिजिटल सहीचा टोकन वापरत असाल, तर ते तिथे चालेल का, हे आधी तपासा. जुन्या फोनला असा सोपा पर्याय नाही. तो गाणी, गजर आणि फोटो यांसाठी ठेवा, पैशांचे व्यवहार नव्या फोनवर करा.

तुमच्या किंवा आईवडिलांच्या घरात असं एखादं यंत्र असेल, तर याच आठवड्यात दोन कामं करा. त्याच्या ऑपरेटिंग सिस्टिमची आवृत्ती आणि आधार संपल्याची तारीख एका कागदावर लिहून यंत्राला चिकटवा. आणि त्यातले फोटो व कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर उतरवून ठेवा. वेबसाइट पुन्हा उघडता येते. हरवलेली कागदपत्रं मिळत नाहीत.